तापवलेल्या पाण्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

पाणी वाचलं की वीजही वाचते, हे खरंच आहे. पण विजेच्या दृष्टीने घरातला प्रत्येक लिटर सारखा नसतो. 1000 लिटर पाणी 15 मीटर उंचावरच्या टाकीत चढवायला, घरगुती पंपाची बरीचशी ताकद वाया जाते हे धरूनही, साधारण 0.15 युनिट वीज लागते. तेच 1000 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायचं म्हटलं, तर 23 युनिट. म्हणजे दीडशे पट! म्हणून बचतीची सुरुवात गरम पाण्याच्या नळापासून करा.

आधी शॉवर. 10 लिटरची बादली शॉवरखाली धरा, पाणी नेहमीइतकंच सोडा आणि घड्याळ पाहा. एका मिनिटात बादली भरली, तर आठ मिनिटांच्या अंघोळीला 80 लिटर पाणी जातं. ते 20 अंशांनी तापवायला जवळजवळ 1.9 युनिट लागतात. मिनिटाला 6 लिटर सोडणारा शॉवर बसवला, तर तेवढ्याच वेळात 1.1 युनिट. माणशी रोज पाऊण युनिटाची बचत झाली. 20 लिटरच्या एका बादलीत अंघोळ उरकली, तर अर्ध्या युनिटाच्या आतच भागतं. मात्र गॅस गिझर असेल, तर जरा थांबा. पाण्याचा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की त्याचा बर्नर पेटतच नाही, किंवा मध्येच विझतो. त्याच्या माहितीपत्रकात किमान प्रवाह दिलेला असतो. तो पाहूनच शॉवर निवडा.

आता सहसा कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट. गिझरपासून बेसिनपर्यंत अर्ध्या इंची पाइप 10 मीटर असेल, तर त्यात सुमारे पावणेदोन लिटर पाणी मावतं. आपण दहा सेकंद हात धुतो. नळातून येतं ते पाइपमधलं गार पाणीच. तेवढंच गरम पाणी गिझरमधून निघून पाइपात शिरतं आणि तिथेच निवतं. वीज गेली, ऊब हाताला लागलीच नाही! एकदांडीचा मिक्सर नळ असेल, तर दांडी कायम थंडाच्या बाजूला ठेवा. मधोमध ठेवली तरी गरम पाणी ओढलं जातंच.

आणि गळती. ठिबकणाऱ्या गरम नळाखाली रात्रभर भांडं ठेवून पाणी मोजा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण 20 लिटर. गिझर सतत चालू असेल आणि पाणी 35 अंशांनी तापत असेल, तर रोज 0.8 युनिट, महिन्याला 24 युनिट नुसत्या थेंबांवाटे जातात.

अशा वेळी आपण नळ आणखी करकचून आवळतो. त्याने वायसरवरची, म्हणजे नळाच्या आत पाणी अडवणाऱ्या रबरी तुकड्यावरची, खाच खोल होते आणि गळती वाढते. त्याऐवजी गिझर बंद करा, त्याच्याकडे येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा, नळ उघडून दाब जाऊ द्या आणि मग नळाचा वरचा भाग खोला. वायसरवर गोल खाच दिसेल. त्याच मापाचा, गरम पाण्याला टिकणारा वायसर घाला. बसवण्याआधी, वायसर ज्यावर टेकतो त्या आतल्या पितळी कडेवरून बोट फिरवा. ती खडबडीत लागली, तर प्लंबरकडून घासून घ्या. नाहीतर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जाईल. सिरॅमिक चकतीच्या, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात असा वायसर नसतो, तिथे आतलं कार्ट्रिजच, म्हणजे पाणी उघडझाक करणारा अख्खा भागच, बदलावं लागतं.