नेसणं, बांधणं आणि घालणं

श्रोतेहो, नमस्कार.

कपड्यांविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. रंग दाखवता येत नाही, पोत हातात देता येत नाही. म्हणून मी आज क्रियापदांपासून सुरुवात करते. आपण लुगडं नेसतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो आणि सदरा घालतो. कापड कसलं आहे ते क्रियापदच सांगून टाकतं. लांबलचक, न शिवलेलं असेल तर ते नेसायचं नाहीतर बांधायचं. शिंप्याच्या हाताखालून आलेलं असेल तर घालायचं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या कोल्हापूर भागातला पोशाख बदलला म्हणजे काय झालं? नेसायचं-बांधायचं कमी झालं आणि घालायचं वाढलं. आज मला एवढंच सांगायचंय.

आधी लुगड्याचं बघू. माझी आजी जन्मभर नऊवारी नेसली. तिच्याकडची बहुतेक लुगडी इरकली. इरकल म्हणजे कर्नाटकातल्या इलकलचं. अंगाला सूत आणि पदराला तांबडं रेशीम. तो पदर मागाहून शिवून जोडलेला नसतो बरं का. मागावरच पदराचे ताणे अंगाच्या ताण्यात फासे टाकून अडकवतात. चोळीचा खण यायचा गुळेदगुड्डचा. म्हणजे आपलं कोल्हापुरी लुगडं आणि आपली कोल्हापुरी चोळी, दोन्ही कानडी मुलखातली. सीमेवरून आपण कितीही भांडलो तरी कपाट उघडल्यावर गप्प बसावं लागतं. असो.

आजीच्या लुगड्याखाली परकर नव्हता आणि चोळीला हूक नव्हते, पुढं गाठ मारायची. कासोटा घातला की चिखलात भाताची लावण करायला मोकळी. मग आलं दुसरं महायुद्ध. १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आलं, कापड मिळेना, आणि नऊ वार जड वाटायला लागले. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली तर आधीच पाचवारीकडं, गोल साडीकडं वळायला लागल्या होत्या. आता गंमत बघा. साडी आखूड झाली, पण तिच्याखाली परकर आला, वर झंपर आला. वार कमी झाले आणि शिंपी वाढला! पुन्हा सांगते, वार कमी झाले आणि शिंपी वाढला. पुढं पंजाबी ड्रेस आला आणि मग गाऊन. गाऊनवर टॉवेल टाकून भाजी घ्यायला जाणाऱ्यांबद्दल मला बरंच काही म्हणायचंय, पण माझी सख्खी जाऊ हा कार्यक्रम न चुकता ऐकते.

पुरुषांचं लवकर आटपते. धोतर, बाराबंदी आणि डोक्याला पटका. बाराबंदी हीसुद्धा बंदांनी बांधायचीच. १९२० नंतर गांधी टोपी गावोगाव पोचली, आणि बांधायचा पटका जाऊन घालायची टोपी आली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली सुरू झाला, शाहू महाराजांनी कोल्हापुरात मिल काढली ती १९०६ साली. कापड दारात आलं, शिलाईची मशीन गल्लीत आली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं वळिवड्याला वसली, त्याचं गांधीनगर झालं आणि लग्नाचा बस्ता बांधायला आपण सगळे तिकडं जायला लागलो. हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता मला जे सांगायचंय ते.

१९८४ सालचा मे महिना. माझ्या थोरल्या चुलतभावाचं लग्न, मंगळवार पेठेतल्या घरासमोर मांडव. मी अठरा वर्षांची. मुहूर्त साडेबाराचा. मानकऱ्यांना बांधायचे बावीस फेटे. रंगीत कापडं इस्त्री करून परातीत रचून ठेवलेली. आणि सकाळी नऊ वाजता निरोप आला की फेटे बांधणाऱ्या मामांची गाडी वाटेतच बंद पडलीय, ते काही वेळेवर पोचत नाहीत.

घरात तीसेक बाप्ये. एकालाही फेटा बांधता येत नव्हता! सगळी टोपीवाली नाहीतर बोडकी पिढी. तेवढ्यात कुणालातरी आठवलं, आबा. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलते, वय पंच्याहत्तरच्या पुढं. त्यांना पटक्याशिवाय कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्यांना गावाकडच्या माणसांच्या घोळक्यातून शोधून आणलं. नवरदेवाला समोर पाटावर बसवलं आणि परात पुढं केली. आबांनी कापड उचललं, नवरदेवाच्या डोक्यावर एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि थांबले. सोडलं. परत सुरू केलं, परत थांबले.

काका म्हणाले, "काय झालं आबा? रोज बांधता की."

आबा म्हणाले, "माझ्या डोक्याला बांधतोय रं. दुसऱ्याच्या डोक्याला कसं बांधू? मला दिसतंय की ते!"

श्रोतेहो, हे नीट ऐका. "मला दिसतंय की ते." साठ वर्षं हा माणूस आरशाशिवाय पटका बांधत होता. बांधणं सगळं हातात होतं, डोळ्यांचा त्यात संबंधच नव्हता. समोर दिसायला लागल्यावर हात चुकायला लागले.

सगळे हताश. मग आबाच म्हणाले, "आना हिकडं. माझ्याच डोक्याव बांधतो, आन काढून देतो."

पावणेदहा वाजता सुरुवात झाली. कापडाची अरुंद घडी करून दुसरं टोक ताणून धरायला मी उभी. आबांनी एक टोक दातात धरलं, डोळे चक्क मिटून घेतले आणि हात फिरायला लागले. एक वेढा डाव्या कानावरून, एक उजव्या. तुरा काढला, सोगा पाठीवर सोडला, फेटा दोन्ही हातांनी अलगद टोपीसारखा उचलला आणि म्हणाले, "घ्या नवरदेवाला."

नवरदेवाच्या डोक्यावर तो फेटा बसला तो पालथ्या वाटीसारखा. कारण आबांचं डोकं लहानखुरं, आणि आमच्या घराण्यातली बाकीची डोकी, काय सांगायचं, मापानं तरी मोठी.

आबांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि खांद्यावरचा पंचा काढून स्वतःच्या डोक्याला गुंडाळला. त्याच्यावर फेटा बांधला. आता बरोबर बसला. मग हीच रीत पडली. प्रत्येक मानकऱ्यानं पुढं यायचं, आबांनी त्याच्या डोक्याला दोन्ही तळव्यांत धरून माप घ्यायचं, कलिंगड बघतात तसं, आणि ठरवायचं. "ह्येला पंच्याचा एक वेढा." "ह्येला दोन." आमचा एक मावसभाऊ तालमीतला पैलवान, त्याच्यासाठी आतून उशीचा अभ्रासुद्धा आणावा लागला. एका फेट्याला पाच-सहा मिनिटं. घामानं आबा भिजलेले, दातात कापड असल्यामुळं बोलायची सोय नाही, नुसते हुंकार. बारा वाजता बाविसावा फेटा संपला. अक्षता पडल्या त्या बावीस फेट्यांवर, आणि बावीसच्या बावीस आबांच्या डोक्यावरून उतरलेले!

नंतर फोटो काढायची वेळ आली आणि लक्षात आलं की मुलीकडचे एक पाहुणे जास्त आलेत, तेविसावे. आबांनी कोपऱ्यात काढून ठेवलेला स्वतःचा पटका कधीच त्यांच्या डोक्यावर चढवला होता, आणि हे कुणाला कळलंही नव्हतं. त्या फोटोत आबा एका कडेला उभे आहेत, डोक्याला तो ओला पंचा.

फेटे बांधणारे मामा दीड वाजता आले. त्यांना पंगतीला बसवलं. तेव्हाच्या लग्नात माणसं दीडला जेवायची, आता तीन वाजले तरी मंचावर फोटोच चालू असतात. पण तो विषय वेगळा.

काचेपलीकडून खुणा व्हायला लागल्यात, तेव्हा थोडक्यात. शिवलेली नऊवारी आता लक्ष्मीपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत कुठंही मिळते. पायजम्यासारखी चढवायची, नाडी ओढायची. पूर्वी माझ्या भाच्या "साडी घातली" म्हणाल्या की मी टोकायची, "साडी नेसतात गं, घालत नाहीत." आता टोकायची सोय उरली नाही. ती शिवलेली नऊवारी खरोखर घालतातच. चपलेविषयी बोलायचं राहिलंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्या बाजूचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. चप्पल मात्र तेव्हाही घालायची होती आणि आताही घालायचीच आहे.

गेल्या वर्षी त्याच चुलतभावाच्या नातीचं लग्न झालं. फेटे तयार आले होते, खोक्यात एकात एक घालून, आतून अस्तर लावलेले, प्रत्येकावर मापाची चिठ्ठी. मी नाक मुरडायच्या तयारीतच होते. तेवढ्यात नवरी मुलगी एक भगवा फेटा घेऊन माझ्यासमोर आली. "आजी, हा तुझा. आम्ही सगळ्या बायका घालणार आहोत."

१९८४ साली बावीस फेट्यांची टोकं मी धरली होती. तेविसावा माझ्यासाठी असेल असं माझ्याही मनात आलं नव्हतं, आणि आबांच्या तर नाहीच नाही. तेव्हा बायका फेटा बांधत नव्हत्या.

फेटा घातला. ढिला झाला, भुवयांवर यायला लागला. माप चुकलं होतं. मी पर्समधून हातरुमाल काढला, त्याची घडी आत कपाळाशी सारली. बसला.

नमस्कार.