गणपूर्ती: दहावा भिक्खू मिळेपर्यंत

घंटा वाजतेय. सभागृहातली बाकं मोकळी दिसतात आणि एक सदस्य उभा राहून म्हणालाय, ‘अध्यक्ष महोदय, सभागृहात गणपूर्ती नाही.’ लॉबीतले आमदार आत येऊन बसेपर्यंत आता कामकाज थांबणार. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार. त्यातले २९ तरी समोर हवेत. विधान परिषदेत ७८, तिथे किमान १०.

गण म्हणजे समुदाय. तो पुरा भरला की गणपूर्ती. बोलताना आपण सर्रास ‘कोरम’ म्हणतो. तो लॅटिन शब्द, अर्थ ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडात न्यायाधिकारी नेमताना सनदेत काही नावं वेगळी काढत. ज्यांच्यापैकी एक तरी हजर हवाच, अशी ती. सनदेतला तो शब्द पुढे सभेच्या संख्येला चिकटला.

आपल्या शब्दाचं जुनं भावंड मात्र विहारात भेटतं. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध संघाच्या नियमांच्या ग्रंथात, ‘गणपूरक’ असा पाली शब्द आहे: संख्या भरून काढणारा भिक्खू. संघाचं साधं काम चौघांवर चाले. उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा द्यायची, तर दहा लागत.

सोण कुटिकण्णाला ही दीक्षा हवी होती. तो अवंती-दक्षिणापथातला, म्हणजे आजच्या माळव्याकडचा. त्या मुलखात भिक्खू विरळ. त्याचे गुरू महाकच्चान यांना दहाजण जमवायला तीन वर्षं लागली. तीन वर्षं! पण कमी माणसांवर त्यांनी भागवून नेलं नाही. पुढे सोणाने गुरूंचा निरोप बुद्धांच्या कानावर घातला, तेव्हा सीमेकडच्या मुलखांसाठी नियमच बदलला: पाच पुरेत, त्यातला एक विनय जाणणारा असावा. अडचण खरी होती, तरी नियम डावलला नाही, रीतसर बदलून घेतला. मला हे फार मोठं वाटतं.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच संघाची आठवण दिली. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, सगळ्याचे नियम भिक्खू पाळत होते, असं त्यांनी सांगितलं.

आणि आपली ग्रामसभा? १०० मतदार किंवा १५ टक्के, जे कमी असेल ते. तेवढेही आले नाहीत तर ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’. तीच सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट उरत नाही; पाण्याचा, रस्त्याचा ठराव मग आलेल्या मोजक्या माणसांच्या हाती.

सतरंजी अंथरलीय. हजेरीवहीतल्या सह्या मोजून ग्रामपंचायत अधिकारी पुन्हा दाराकडे बघतायत.