रक्त त्यांचंच, खूण आमची

नमस्कार, श्रोतेहो.

शौचाला डांबरासारखं काळं होतंय, अंगातलं रक्त कमी होत चाललंय, आणि दुर्बीण तोंडावाटे घातली, खालून घातली, तरी जागा सापडत नाही. अशा वेळी आम्ही न्यूक्लिअर मेडिसिनवाले रुग्णाचंच थोडं रक्त काढतो, लाल पेशींना टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी पदार्थ जोडतो आणि परत शिरेत सोडतो. रक्त त्यांचंच, खूण तेवढी आमची. टेक्नेशियम पेशीत टिकून राहावं म्हणून आधी कथिलाचा क्षार द्यावा लागतो. हो, कल्हईचं कथील, तेच.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक आजी आल्या होत्या. रक्ताच्या चार पिशव्या चढवून झालेल्या. संमतिपत्र इंग्रजीत, त्यावर आजींचा अंगठा. ते मला आजही बोचतं. रुग्णाला वाचता येईल, निदान वाचून दाखवता येईल, असा मराठी कागद प्रत्येक दवाखान्यात हवाच.

आजींना त्या पदार्थाचे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवलं. पडद्यावर हृदय दिसलं, यकृत दिसलं, प्लीहा दिसली, पोट मात्र शांत. तास झाला, दीड तास झाला. आजी म्हणाल्या, "बाळा, नातू बाहेर बसलाय. त्याला जवळ घेऊ का रे?" मी म्हटलं, "आज नको, आजी. तुमच्या अंगातून किरण निघताहेत. दर सहा तासांनी त्यांचं प्रमाण निम्मं होतं. उद्या या वेळेला सोळावा हिस्सा उरेल."

सर म्हणाले, संध्याकाळी पुन्हा बघू. असं रक्त सतत वाहत नाही. थांबतं, पुन्हा सुटतं. आणि खूण केलेल्या पेशी दिवसभर रक्तात फिरतच असतात. संध्याकाळी सहाला बेंबीच्या डाव्या अंगाला एक फिकट ठिपका उमटला. पुढच्या चित्रात तो सरकला, त्याच्या पुढच्यात वळला. सरकतो म्हणजे तो आतड्यात आहे, श्रोतेहो. नुसती रक्तवाहिनी असती तर जागच्या जागी राहिला असता. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. लहान आतड्यात रक्तवाहिन्यांचा गुंता निघाला, करंगळीच्या नखाएवढा.

मिनिटाला ०.१ ते ०.४ मिलिलिटर, म्हणजे दोन ते आठ थेंब, एवढं झिरपणंही ही तपासणी पकडते. पण झिरपत असतानाच. पुन्हा सांगतो, झिरपत असतानाच.

पाचव्या दिवशी वॉर्डात गेलो, तर नातू आजींच्या पायथ्याशी झोपला होता.