अंड्याचे कवच रात्री घडते

मंडळी, गावठी अंड्यावर आपल्या गोव्यात लोकांचा इतका विश्वास आहे की म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या बाजारात त्यासाठी जास्त पैसे मोजायलाही कोणी कुरकुर करत नाही. तरीही परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या बायका भेटल्या की बहुतेक जणी एकच तक्रार सांगतात: अंडे हातात घेताच कवच दबते, आणि एखाद्या सकाळी तर खुराड्यात नुसत्या पातळ पापुद्र्यातले, कवचच नसलेले अंडे पडलेले असते. मग कोणी कोंबडीची दृष्ट काढते, तर कोणी ती बिघडली असे म्हणून तिची सागोती करते. मला याचे फार वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा दोष कोंबडीचा नसतो, तर आपण तिच्या पुढ्यात काय टाकतो याचा असतो.

अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यांपैकी सुमारे २० तास ते कवच ग्रंथीत असते. कवच जवळजवळ सगळेच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्याचा मोठा भाग रात्री, कोंबडी काळोखात दांडीवर बसलेली असताना, अंड्यावर चढतो. बाजारातल्या नेहमीच्या अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. गावठी अंडे लहान, म्हणून त्यात थोडे कमी. त्या वेळी पोटात कॅल्शियम उरलेले नसेल तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. एखाद्या रात्री हे निभावते. पण रोज असेच होत राहिले तर आधी कवच पातळ होते आणि पुढे कोंबडीचे पायच लटपटू लागतात.

आता आपल्याकडचा तिचा आहार पाहा. सकाळी उरलेली पेज, दुपारी उकड्या तांदळाची शिते, संध्याकाळी भाताचा कोंडा. या सगळ्यांत कॅल्शियम नगण्य असते; शिवाय कोंड्यातले फायटेट नावाचे द्रव्य मिळालेले थोडेसे कॅल्शियमही बांधून ठेवते. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी बाजारात जे तयार खाद्य मिळते त्यात साधारण ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते, हे लक्षात घेतले म्हणजे आपण तिला किती तुटीत ठेवतो ते कळते. आणि त्याच घरात तिसऱ्यांचे सुके झाले की टोपलीभर शिंपल्या माडाच्या मुळाशी फेकल्या जातात! त्या शिंपल्याही कॅल्शियम कार्बोनेटच्याच असतात. त्या उकळून, कडक उन्हात वाळवून, मसुरीच्या डाळीएवढ्या ठेचाव्यात. पीठ मात्र करू नये. पीठ आतड्यातून लवकर निघून जाते, तर मोठे तुकडे कोंबडीच्या पोट्यात थांबून रात्रभर हळूहळू विरघळतात, म्हणजे नेमके हवे तेव्हा कॅल्शियम पुरवतात. हा चुरा दाण्यात न मिसळता वेगळ्या करवंटीत ठेवावा. अंड्यावरची कोंबडी आपल्या गरजेपुरते खाते. पिल्लांना मात्र त्यापासून दूर ठेवावे, कारण जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

शिंपल्या घालूनही एप्रिल-मे महिन्यांत कवच पातळ राहिले तर गोंधळून जाऊ नका. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारे कार्बोनेट अपुरे पडते. त्यातच उन्हामुळे ती खातेही कमी. फणसाखालची सावली आणि मातीच्या भांड्यातले थंड पाणी हाच यावरचा पहिला उपाय आहे.

चवीची तक्रारही येते. आमच्या घरी पावसाळ्यात कोंबड्यांना सुक्या मासळीचा भुगा भरपूर घातला जाई आणि आई पोळे करायला अंडी फोडू लागली की मासळीचा वास येई. भुगा कमी केल्यावर तो वास गेला. बलकाचा रंग हिरव्या पाल्यावर आणि मक्यावर अवलंबून असतो. फिकट बलक कमी पौष्टिक असतोच असे नाही. बलकावरचा रक्ताचा ठिपका म्हणजे बलक सुटताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी. तो भाग काढून अंडे खुशाल शिजवावे.

पावसात खुराड्यातले गवत भिजते आणि अंडी चिखलाने माखतात. ती धुऊन साठवू नयेत, कारण पाण्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते आणि छिद्रांतून जंतू आत शिरू शकतात. गवत बदला, मळ कोरड्या फडक्याने पुसा आणि धुवायचेच असेल तर शिजवण्याच्या वेळी धुवा. बुरशी धरलेला मका कोंबड्यांना घालू नका. त्यातल्या विषाने त्यांचे यकृत खराब होते.

एक गोष्ट मात्र घरगुती उपायांवर सोडू नये. परसातल्या बऱ्याच कोंबड्या एकाच आठवड्यात सुरकुतलेल्या, खडबडीत कवचाची अंडी घालू लागल्या, फोडल्यावर पांढरा भाग पाण्यासारखा पसरला आणि कोंबड्या शिंकत किंवा घरघरत असल्या, तर तो श्वसनमार्गाचा संसर्गजन्य रोग असू शकतो. रानीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगातही कवच बिघडते. आजारी कोंबड्या त्याच दिवशी वेगळ्या करा, शेजाऱ्यांनाही सांगा, आणि तसले एक अंडे बरोबर घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.