प्रवरेकाठचा दगड आणि न बसणारं मन

[दृश्य: प्रवरा नदी, सकाळ. पात्रातले गोटे.]

नेवासं. जिल्हा अहिल्यानगर. इथे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एका खांबाच्या दर्शनाला येतो. खांबाकडे जाऊच, पण आधी नदीत उतरू.

डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५०च्या दशकात नेवाशात उत्खनन केलं. पुढच्या दशकात जर्मन संशोधक गुद्रुन कॉर्विनस यांनी जवळच्याच चिरकी नाल्यापाशी खणलं. दोघांच्याही हाती अश्मयुगाची हत्यारं लागली. त्यांत हातकुऱ्हाडी होत्या, काही लाख वर्षांपूर्वीच्या. त्या घडवणाऱ्यांची हाडं इथे सापडलेली नाहीत. पण ती माणसं आपल्या प्रजातीची नव्हती, हे नक्की. होमो सेपियन तेव्हा भारतात पोचलेलाच नव्हता.

[दृश्य: हातकुऱ्हाड, अगदी जवळून. कडेवरचे टवक्यांचे खड्डे.]

ही कड नीट बघा. एका बाजूने टवका उडवला, दगड उलटा केला, दुसऱ्या बाजूने उडवला. पुन्हा उलटा. घाव तिरका बसला नाही तर कड बोथट होते, जोरात बसला तर अख्खा दगड दुभंगतो. चौथा घाव नीट बसायचा असेल, तर त्याची तयारी दुसऱ्याच घावात करावी लागते. म्हणजे दगड हातात आहे, पण घडवणाऱ्याच्या डोळ्यासमोर आहे ती अजून न झालेली कुऱ्हाड.

समोर नसलेलं बघायचं ही मनाची खोड अशी जुनी आहे. आणि ती आपल्याला भलतीच उपयोगी पडली. पाऊस यायच्या आधी छप्पर शाकारणारा, पुढच्या पेरणीसाठी बियाणं राखून ठेवणारा प्राणी दुसरा कुठला?

खर्चही तसाच. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीत लागणाऱ्या ऊर्जेतली सुमारे वीस टक्के एकटा तोच खातो. आपण नुसते पडून असलो तरी त्याला सुट्टी नाही. २००१ साली अमेरिकेत मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हातात काम नसताना मेंदूतले काही ठरावीक भाग उलट जास्त जागे असतात. त्यांच्या जाळ्याला आता डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. झालेलं आठवणं, होणारं रंगवणं, ‘ती माझ्याबद्दल काय म्हणाली असेल’ हे कुरतडत बसणं, या सगळ्यात त्याचा हात असतो.

या निवेदनासाठी मी स्वतः नदीकाठी बसून श्वास मोजायला घेतले. तिसऱ्या श्वासाला आठवलं, गॅसचा नंबर लावायचा राहिला!

२०१० साली हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २२५० माणसांना फोनवरून, दिवसातून केव्हाही विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, आणि बरं वाटतंय का? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि मन भटकत असताना माणसं कमी सुखी होती. मन आवडीच्या गोष्टीकडे गेलं, तरी सुख काही वाढलेलं दिसलं नाही.

[दृश्य: मंदिराचा परिसर. पायऱ्या, मग गाभारा.]

आता खांब. याला ‘पैस’ म्हणतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी श्रद्धा आहे. सहाव्या अध्यायात अर्जुनाची तक्रार आहे, की हे मन आवरतच नाही. ज्ञानेश्वरांचा अर्जुन तर विचारतो, माकड कधी समाधी लावेल का? थांब म्हटल्यावर वादळ थांबेल का?

उत्तर मला फार आवडतं. मन चंचल आहे हे खरंच, असं कृष्ण आधी मान्य करतो. मग सांगतो, पण त्याचा एक चांगला गुण आहे: जिथे गोडी लागते तिथे ते सोकावतं. तेव्हा त्याला आतल्या सुखाची गोडी दाखवत राहा. (हा गुण मोबाइलवर रील्स पुरवणाऱ्यांनाही पक्का ठाऊक आहे, ते सोडा.)

बुद्धाच्या परंपरेत याच कामाला पालीत ‘सति’ म्हणतात, म्हणजे स्मृती, भान. इंग्रजीत त्याचं ‘माइंडफुलनेस’ झालं. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी त्याचा अभ्यासक्रम बांधला. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला, सत्यनारायण गोएंकांच्या पद्धतीची विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात. पहाटे चारला घंटा, बोलणं बंद, आणि पहिले तीन दिवस काम एकच: नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मन जातं. गेलं हे लक्षात येतं. परत आणायचं. दिवसभरात किती वेळा, याला मोजदाद नाही. मला विचाराल तर कसरत या परत आणण्यातच आहे. मन गेलंच नाही, तर आणणार काय?

[दृश्य: खांबावरची कोरीव अक्षरं, तिरक्या उजेडात.]

जाता जाता ही अक्षरं बघा. पैसावर एक जुना शिलालेख आहे. देवाच्या दिव्याला तेल कमी पडू नये म्हणून कुणीतरी दान दिलं, त्याची ही नोंद. दिवा आज तेवायचा होता. पण देणाऱ्याचं मन पुढच्या महिन्याच्या तेलापाशी जाऊन आलं होतं.