हळू उडायला शिकलेलं विमान

(पडदा काळा. आधी फक्त आवाज: दोन जुन्या पिस्टन इंजिनांची घरघर. मग चित्र उजळतं.)

डोंगराच्या कुशीत लाल मातीची पट्टी. अलीकडे झाडं, पलीकडे दरी, आणि मधे जेमतेम तीन-चारशे मीटर सपाट जागा. वैमानिकाचा एक हात सुकाणूवर आहे. दुसरा वर, छताला, लोकलमध्ये कडी धरून उभं राहावं तसा. या विमानात इंजिनाची शक्ती कमी-जास्त करायचे दांडे समोर नाहीत, डोक्यावर आहेत.

नाक खाली घालून विमान झाडांच्या शेंड्यांवरून उतरतंय. वेग आहे ताशी साधारण सव्वाशे किलोमीटर. आपल्या द्रुतगती मार्गावर रात्री याहून जोरात जाणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. चाकं टेकतात, धुरळा उठतो, छतावरचा हात दांडे मागे ओढतो, प्रोपेलरची पाती कोन उलटा करून हवा पुढे ढकलतात, आणि ते अगडबंब धूड पट्टी संपायच्या बरंच आधी उभं राहतं. मागचा दरवाजा उतारासारखा खाली येतो. इंजिनं चालूच. पोती उतरतात, जखमी चढतात.

हे आहे कॅरिबू. कारखान्यातलं नाव डीएचसी-4.

(दृश्य: बर्फ, तळी, टोरांटोजवळचं डाउन्सव्ह्यू.)

डी हॅविलँड कॅनडा ही कंपनी विमानांना जनावरांची नावं द्यायची. 1947 साली बीव्हर आलं, 1951 मध्ये ऑटर, म्हणजे आपलं पाणमांजर. दोन्ही एका इंजिनाची. कॅनडाच्या उत्तरेला रस्ते नाहीत, तळी आणि जंगल आहे. तिथे जाणारं विमान थोडक्या जागेत बसलं-उठलं पाहिजे, ही त्या देशाची घरगुती गरज होती. तीच पुढे लष्कराची गरज ठरली. ऑटरनंतर कंपनीनं दोन इंजिनांचं मोठं विमान काढायचं ठरवलं आणि त्याला उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरचं नाव दिलं. कॅनडाच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर ज्याचं तोंड आहे, तेच जनावर. 30 जुलै 1958 रोजी जॉर्ज नील या चाचणी वैमानिकानं ते पहिल्यांदा हवेत नेलं.

दिसायला देखणं नाही. पंखाकडे समोरून बघा. अंगापासून इंजिनापर्यंत तो खाली झुकतो आणि तिथून टोकापर्यंत पुन्हा वर चढतो. कमर मोडल्यासारखा. पण त्यात हिशेब आहे. पंख वर, खांद्यावर बसवला की इंजिनंही वर जातात आणि चाकांचे पाय बगळ्यासारखे लांब करावे लागतात. पंखच थोडा खाली वाकवला की पाय आखूड आणि दणकट ठेवता येतात. शेपूट उंच उचललेली, म्हणजे मागून जीप थेट पोटात शिरावी. दोन जीप बसतात, किंवा 32 सैनिक, किंवा स्ट्रेचरवरचे जखमी.

आता यातली खरी गंमत. विमानाला उचलून धरणारा जोर वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, आणि तसाच घटतो. म्हणजे वेग निम्मा केला की पंखाची उचल चौथाईवर येते आणि विमान पडतं. म्हणून बहुतेक विमानांना वेगात उतरावं लागतं आणि वेगात उतरलं की लांबलचक धावपट्टी लागते. कॅरिबूनं उलटीकडून सुरुवात केली. पंखाच्या मागच्या कडेला टोकापासून टोकापर्यंत फ्लॅप, म्हणजे खाली वळणाऱ्या झडपा, लावले, तेही दुहेरी, मधे फटी ठेवून. फ्लॅप पूर्ण खाली आले की पंखाची कमान वाढते. फटींतून खालची हवा वर येते आणि पंखाला चिकटून वाहणारा झोत सुटू देत नाही. बाहेरच्या बाजूचे फ्लॅप वळण घ्यायचं कामही करतात, म्हणजे एकाच नोकराकडून दोन कामं. शिवाय प्रोपेलरनं मागे ढकललेला वारा पंखावरून जातो, तो वेगळाच.

वेग निम्मा झाला की थांबवायची ऊर्जा चौथाईच उरते. भरलेलं, जवळपास तेरा टनांचं कॅरिबू सव्वादोनशे मीटरच्या आसपास धावून जमीन सोडायचं. वैमानिक त्याच्या संथपणाची चेष्टा करत. पण त्या संथपणासाठीच त्याला विकत घेतलेलं होतं.

(दृश्य: अमेरिकी लष्कराची चित्रफीत, कृष्णधवल.)

सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिकेचं भूदल. हो, हवाई दल नव्हे. दीडशेहून जास्त कॅरिबू भूदलानं घेतली. आणि नावांचा घोळ सुरू झाला तो इथून. आधी एसी-1, 1962 मध्ये नामकरणाची पद्धत बदलली तेव्हा सीव्ही-2. त्यात ए आणि बी. बी म्हणजे जास्त वजन पेलणारं. कॅनडाच्या हवाई दलात तेच सीसी-108. ऑस्ट्रेलियानं नुसतं कॅरिबू म्हटलं आणि विषय संपवला. या नावांमागे विमान फारसं बदललेलं नाही, हे ध्यानात ठेवा. मालक बदलला की पाटी बदलायची, इतकंच.

आणि मालक बदललाच. भूदलाकडे एवढी मोठी विमानं असावीत, हे अमेरिकी हवाई दलाला पहिल्यापासून खुपत होतं. शेवटी 6 एप्रिल 1966 रोजी भूदलप्रमुख हॅरॉल्ड जॉन्सन आणि हवाई दलप्रमुख जॉन मॅकॉनेल यांनी कागदावर सह्या केल्या. भाऊबंदकीत व्हावी तशी वाटणी झाली: कॅरिबू हवाई दलाची, आणि हेलिकॉप्टरांवर हवाई दलानं हक्क सांगायचा नाही. 1 जानेवारी 1967 ला व्हिएतनाममधल्या कॅरिबूंवरची पाटी बदलली. सीव्ही-2 चं सी-7 झालं. माझं मत विचाराल तर भूदलानं सौदा बरा केला. पण कॅरिबूच्या नशिबी सावत्र घर आलं. जेटच्या जमान्यातल्या हवाई दलाला हे पिस्टन इंजिनाचं, हळूबाई विमान मिरवण्यासारखं वाटणं कठीणच होतं.

काम मात्र तेच राहिलं. डोंगरातल्या छावण्यांना दारूगोळा, तांदूळ, कोंबड्या, पिंपं, माणसं.

(दृश्य: एकच छायाचित्र. आवाज थांबतो.)

3 ऑगस्ट 1967. ठिकाण व्हिएतनाममधलं डुक फो. जपानी छायाचित्रकार हिरोमिची मिने यांनी टिपलेला हा क्षण. उतरायला आलेलं कॅरिबू अमेरिकेच्याच तोफांच्या माऱ्याच्या रेषेत आलं. 155 मिलिमीटरचा गोळा शेपटीच्या पुढे लागला. चित्रात विमानाचे दोन तुकडे हवेत आहेत, शेपूट वेगळी आणि पुढचा भाग वेगळा, आणि फ्लॅप अजून पूर्ण खाली आहेत. तिघे विमानात होते. तिघेही गेले. मिने स्वतः पुढच्या वर्षी त्याच युद्धात मारले गेले.

(दोन सेकंद शांतता.)

आता आपल्याकडे येऊ. 1962 च्या युद्धात वालाँगच्या इवल्याशा पट्टीवर आपल्या हवाई दलाची ऑटर उतरत होती. ईशान्येत रसद पोचवायची तर अशीच विमानं हवीत, हा धडा तिथे महागात मिळाला. 1963 मध्ये गुवाहाटीला 33 क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, ती कॅरिबू घेऊन. तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आठ-दहा दिवसांची पायपीट वाचवणारं विमान म्हणजे काय चीज असते, ते तिथल्या जवानांना विचारावं.

11 डिसेंबर 1971 रोजी, बांगलादेशच्या युद्धात, टांगाइलवर छत्रीधारी सैनिक उतरले, तेव्हा त्या ताफ्यात अँटोनोव्ह-12 होती, पॅकेट होती, डकोटा होती आणि थोडी कॅरिबूही. सगळी भेळ. कॅरिबूंचा वाटा लहान होता, उगाच फुगवून सांगत नाही. पण उडी मारणारी पलटण होती 2 पॅरा, म्हणजे पूर्वाश्रमीची 3 मराठा. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल त्यांनी धरला आणि ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकडीची वाट अडवली. आणि त्याच युद्धाच्या पहिल्या रात्री एका ऑटरनं, होय, त्या पाणमांजरानं, रॉकेटं लावून चितगावच्या तेलसाठ्यांवर हल्ला केला. उडवणारे होते नव्या बांगलादेशी हवाई दलाचे वैमानिक.

33 स्क्वाड्रनकडे पुढे एएन-32 आली. आपल्या आकाशातलं कॅरिबूचं प्रकरण तिथे मिटलं.

(दृश्य: टी आकाराची शेपूट, टर्बाइनचा तीव्र सूर.)

कॅरिबूचा थोरला वारस म्हणजे बफेलो, डीएचसी-5. पहिलं उड्डाण 9 एप्रिल 1964. पंखाची जात तीच, पण पिस्टनच्या जागी टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइननं प्रोपेलर फिरवणारी इंजिनं, आणि शेपूट इंग्रजी टी अक्षरासारखी. अमेरिकी भूदलानं चार घेतली आणि मग ती वाटणी आडवी आली. एकूण 122 बनली. कॅरिबू 307.

9 ऑगस्ट 1974 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या कामावर असलेलं कॅनडाचं एक बफेलो दमास्कसच्या वाटेवर सिरियात क्षेपणास्त्रांनी पाडलं गेलं. नऊ जण मेले. कॅनडात तो दिवस आजही शांतिसैनिकांचा म्हणून पाळतात.

संशोधकांना मात्र बफेलो म्हणजे हक्काची प्रयोगशाळा मिळाली. एकानं त्याच्या पोटाखाली चाकांऐवजी प्रचंड रबरी पिशवी बांधली. तिच्या तळाला हजारो बारीक छिद्रं, त्यांतून सुटणाऱ्या हवेच्या गादीवर विमान उतरवायचं, मग खाली चिखल असो की बर्फ. नासानं दुसऱ्या एका बफेलोचं धड घेतलं आणि त्यावर नवा पंख चढवला. चार जेट इंजिनं पंखाच्या वर, त्यांचा झोत पंखावरून खाली वळवायचा. जुलै 1980 मध्ये हे विमान किटी हॉक या विमानवाहू जहाजावर सोळा वेळा उतरून थांबलं, आणि पकडायचा हूक न लावता. बाकीच्या विमानांना तिथे तारेत अडकवून थांबवावं लागतं.

जुन्या कॅरिबूलाही टर्बाइन बसवायचा प्रयत्न झाला. 27 ऑगस्ट 1992, मॅनिटोबातलं गिमली. विमानवेड्यांना हे नाव इंधन संपलेल्या बोइंगमुळे ठाऊक असेल. ती वेगळी गोष्ट. उभ्या विमानाच्या शेपटीचे आणि पंखांचे हलते भाग वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून त्यांना कुलूप घालतात. उड्डाणाआधी ते काढायचं आणि सुकाणू चारी बाजूंना हलवून बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या दिवशी कुलूप पूर्ण निघालं नव्हतं. विमान उठलं, नाक वर जात राहिलं, खाली आणायला काहीच हाताशी नव्हतं. तिघे गेले. त्या उड्डाणाची चित्रफीत आहे. आम्ही ती इथे दाखवत नाही.

(दृश्य: ऑस्ट्रेलियाचं कांगारूचिन्ह, हिरवा रंग उडालेला.)

सर्वांत जास्त काळ कॅरिबू नांदलं ते ऑस्ट्रेलियात. 29 घेतली. त्यातली काही तर कॅनडाहून घरी न्यायच्या वाटेवरूनच 1964 मध्ये व्हिएतनामला वळवली. तिथे त्यांची रेडिओवरची हाक होती वॉलबी, म्हणजे छोटं कांगारू, म्हणून लोक म्हणायचे वॉलबी एअरलाइन्स.

पण मला सांगायचंय ते एका विशिष्ट विमानाबद्दल. क्रमांक ए4-140. 4 सप्टेंबर 1975. पोर्तुगीज तिमोरमध्ये यादवी पेटलेली. मदतकार्यासाठी हे कॅरिबू बाउकाऊला उतरलं आणि जीव वाचवायला पळत असलेल्या लोकांनी ते ताब्यात घेतलं. मागणी एकच, आम्हाला डार्विनला न्या. 44 जण आत चढले. हे विमान 32 सैनिकांसाठी बनवलेलं. वैमानिकांनी दांडे पुढे ढकलले आणि समुद्र ओलांडून सगळ्यांना डार्विनला उतरवलं. ऑस्ट्रेलियानं त्यांना काही काळ स्थानबद्ध केलं आणि मग सगळ्यांना निर्वासित म्हणून ठेवून घेतलं. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाचं अपहरण झालेलं हे एकमेव विमान.

त्यानंतरही ते चौतीस वर्षं उडत राहिलं. सुटे भाग मिळेनात, पेट्रोलवर चालणारी इंजिनं सांभाळणारे हात निवृत्त झाले. 27 नोव्हेंबर 2009 रोजी ए4-140 शेवटचं उडालं, कॅनबेराला, तिथल्या युद्धस्मारकाच्या स्वाधीन होण्यासाठी. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाचं उडणारं शेवटचं कॅरिबू हेच.

कॅनबेराची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. त्यातली नव्वद टक्के कॅरिबूला कधीच लागली नसती.

(इंजिनं एकेक करून बंद होतात. डावं आधी. मग उजवं.)