तेराव्या आठवड्यापासून पुढे

(वजनकाटा. आधी एक पाय, मग दुसरा. आकडा थरथरतो, स्थिरावतो.)

वजन घटवण्याच्या कार्यक्रमाचे बारा आठवडे पूर्ण झाले, आज शेवटचं वजन. आठ किलो उतरलेत. शेजारी टाळ्या वाजतात, फोटो निघतो, वहीत नोंद होते आणि वही मिटते.

तीन वर्षांनी हीच व्यक्ती पुन्हा काट्यावर उभी राहील, तेव्हा नोंद घ्यायला बहुधा कुणीच नसेल. आम्हाला त्या तीन वर्षांबद्दल बोलायचं आहे.

वजन घटवण्याच्या कार्यक्रमांवरचा अविश्वास जुना आहे. १९५९ साली अमेरिकेत अल्बर्ट स्टंकर्ड आणि मेव्हिस मॅक्लारेन-ह्यूम यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रुग्णालयात आहाराचा सल्ला घ्यायला आलेल्या १०० स्थूल रुग्णांचा त्यांनी माग ठेवला होता. २० पौंड, म्हणजे नऊ किलोंच्या आसपास घटवून ती घट दोन वर्षांनंतरही टिकवणारे निघाले फक्त दोन. ‘शंभरातले पंच्याण्णव जण हरतात’ असं आजही सर्रास म्हटलं जातं, त्याचा उगम बहुतेकदा इथेच दाखवतात. पण त्या रुग्णांच्या हाती पडलं होतं काय? आहाराचा एक कागद. तो घ्यायचा आणि घरी जायचं. साथ कुणाची नाही, पुन्हा विचारपूस नाही. एवढ्यावरून पुढच्या साऱ्या प्रयत्नांचा निकाल लावणं अन्यायाचं आहे.

(रिकाम्या खुर्च्या. माणसं एकेक करून येऊन बसतात.)

२००१ मध्ये अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. टाइप २ मधुमेह असलेले ५,१४५ लोक, १६ केंद्रं. एका गटाला मधुमेहाबद्दलचं नेहमीचं मार्गदर्शन. दुसऱ्या गटाला पहिले सहा महिने दर आठवड्याला बैठक, मोजून दिलेला आहार, आठवड्याला १७५ मिनिटांच्या व्यायामाचं उद्दिष्ट आणि नंतरही वर्षानुवर्षं भेटी, फोन, उजळणीचे वर्ग.

वर्षअखेरीस या दुसऱ्या गटाचं वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी उतरलं होतं. आठ वर्षांनी ४.७ टक्के. म्हणजे कमावलेल्यातलं निम्म्याच्या जवळपास हातून गेलं. हा आकडा पहिल्यांदा ऐकताना मन खट्टू होतं, हे मान्य. पण तो पुन्हा ऐका. आठ वर्षांनंतरही या गटातल्या निम्म्या लोकांचं वजन सुरुवातीपेक्षा किमान ५ टक्क्यांनी कमी होतं. कुठे शंभरातले दोन आणि कुठे हे निम्मे!

मग घटलेलं वजन परत का येतं? इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त दुखवणारी बोलणी माणसाला इथेच ऐकावी लागतात. जिभेवर ताबा नाही, आळशी आहे, चार दिवस उत्साह आणि मग ये रे माझ्या मागल्या.

(अंधार. भिंतीवरचं घड्याळ. स्वयंपाकघरात दिवा लागतो.)

शरीराला आपलं घटलेलं वजन दिसतं ते दुष्काळासारखं. घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक वाढतं. चरबीच्या पेशींतून येणारं आणि ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन उतरतं. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींच्या आहारावर ठेवून हे बदल मोजले आणि वर्षभरानंतर पुन्हा मोजले. तोवर घटलेल्यातलं काही वजन परत आलं होतं, तरी संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती. भूकही सुरुवातीपेक्षा जास्तच होती.

केविन हॉल या अमेरिकी संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुकेचं माप काढलं. त्यांच्या अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज साधारण १०० कॅलरींनी वाढते, आणि त्याच वेळी शरीराचा खर्च किलोमागे २० ते ३० कॅलरींनी कमी होतो. आठ किलोंचा हिशेब करून पाहा. भूक रोज आठशे कॅलरींनी जास्त, खर्च मात्र पूर्वीपेक्षा कमी. बारा आठवडे हा ताण सोसता येतो, कारण दर आठवड्याला काटा खाली सरकताना दिसतो, कुणीतरी पाठ थोपटतं. तेराव्या आठवड्यात शाबासकी थांबते. भूक थांबत नाही.

हॉल यांनीच टीव्हीवरच्या एका वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचं शरीर जितकी ऊर्जा जाळेल असा अंदाज होता, त्याहून रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही. या माणसांना आळशी कोण म्हणेल?

म्हणून ‘कार्यक्रमाचा उपयोग होतो का’ हा प्रश्न आम्हाला अपुरा वाटतो. किती काळ चालतो, हे त्याच्याबरोबरच विचारावं लागतं. ब्रिटनमध्ये १,२६७ लोकांवर नेमकी हीच चाचणी झाली. काहींना फक्त एक पुस्तिका आणि थोडा सल्ला, काहींना गटात येण्याचे १२ आठवडे, काहींना ५२. दोन वर्षांनी पुस्तिकावाल्यांचं वजन २.३ किलोंनी कमी होतं, १२ आठवड्यांवाल्यांचं ३ किलोंनी आणि वर्षभर येत राहिलेल्यांचं ४.३ किलोंनी. तिन्ही आकडे लहान आहेत, पण त्यांचा क्रम बोलका आहे.

वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचीही हीच गोष्ट. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढला, तर गोळी निकामी होती असं आपण म्हणत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र तो दोष आपण सरळ माणसाच्या माथी मारतो.

(पहाट. चालणारी पावलं.)

टिकवणारेही आहेत. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. किमान १३.६ किलो घटवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात प्रवेश, आणि नावं दहा हजारांच्या वर गेली आहेत. बहुतेक जण रोज तासभर हालचाल करतात, नियमाने वजन करतात, खाण्याचा क्रम फारसा मोडत नाहीत. ही यशस्वी झालेल्यांचीच यादी आहे, त्यामुळे असं किती जणांना जमतं हे तिच्यावरून ठरवता येत नाही. काय करावं लागतं, एवढं कळतं. आणि ते दर दिवशी करावं लागतं.

आता थोडं काट्याच्या पलीकडे. ‘लुक अहेड’चा मुख्य हेतू हृदयविकार आणि पक्षाघात टाळणं हा होता. त्यात दोन गटांत फरक पडला नाही, म्हणून २०१२ मध्ये तो कार्यक्रम ठरल्या वेळेआधी थांबवला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्याच लोकांत झोपेत श्वास अडण्याचा त्रास कमी झाला, चालण्याफिरण्याची ताकद जास्त टिकली, औषधं कमी लागली.

आणि एक अभ्यास, ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त धीर दिला. अमेरिकेतलाच, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांचा. उद्दिष्ट साधं होतं. वजन ७ टक्क्यांनी घटवायचं, आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची. सुरुवातीला एका प्रशिक्षकासोबत १६ बैठका. २००२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा हा कार्यक्रम मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होतं. पाठपुरावा पुढे चालू राहिला. वजन हळूहळू परत आलं, दहाव्या वर्षी सुरुवातीपेक्षा जेमतेम दोन किलो कमी होतं. काट्यापुरतं पाहिलं तर पदरात फारसं काही उरलं नव्हतं.

पण त्या दहा वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी राहिलं होतं. ज्यांना अखेर मधुमेह झाला, त्यांच्याही दारात तो साधारण चार वर्षं उशिरा आला. बोटाला सुई न टोचता गेलेली चार वर्षं. डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या, पावलांच्या वाट्याला आलेली चार वर्षं. त्या शेवटच्या दिवशी मिटलेल्या वहीत यांच्यासाठी रकानाच नव्हता.